थोरल्याचा नट

"ग्रीस नाय. बोट फिरवून बघा कुणीबी. एक टिपूस ग्रीस नाय," गोकुळ म्हणाला आणि त्याने तो चार हात लांबीचा शाफ्ट सगळ्यांना दिसेल असा दोन्ही हातांवर धरला.

धरणाच्या काठाला 'गिरजा' होडी ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. तिचं सुकाणू वर उचलून बांधलेलं होतं आणि शाफ्टच्या टोकाला बसणारा पंखा खाली गवतात पडला होता. बघायला घरचेच तिघे होते. धाकटा भाऊ गेणू, त्याची बायको वैजयंती आणि दोघा भावांची आई चिमाबाई. पण गोकुळचा आवाज पंचवीस माणसांना पुरेल असा लागला होता. आळेफाट्याला गॅरेज टाकल्यापासून त्याचा आवाज असाच झाला होता. तिथे ट्रकच्या इंजिनावर ओरडावं लागतं, इथे नुसतं पाणी होतं.

"दादा, शाफ्ट निळा पडलाय, त्यो बघा," वैजयंती म्हणाली. "ग्रीस नसल्यानं न्हवं. तापून पडलाय."

"तापतो कशानं? ग्रीस नसल्यानं."

"पाणी नसल्यानं."

गोकुळ हसला. तो हसला की वैजयंतीच्या अंगाची लाही व्हायची, आणि आज तर ती चार दिवस धुमसतच होती.

चार दिवसांपूर्वी, दिवाळी होऊन आठवडा झाला होता तेव्हा, पलीकडच्या उंबरवाडीहून अकरा माणसं आणि भाताची नऊ पोती घेऊन ती निघाली होती. नवं भात या काठाच्या मिलवर यायचं होतं. निम्मं पाणी कापलं आणि जळका वास आला. इंजिन दोनदा घुसमटलं आणि बंद पडलं. होडीच्या तळातून शाफ्ट जिथे बाहेर जातो तिथे, त्याच्याभोवती ग्रीस लावलेली दोरी गच्च भरलेली असते. ती दोरी जळून कोळसा झाली होती आणि त्या फटीतून मनगटाएवढं पाणी आत येत होतं. वैजयंतीने दोघांना घमेली दिली, पाच पोती पाण्यात ढकलायला लावली, शीड चढवलं आणि आडव्या वाऱ्यात सुकाणू छातीशी धरून होडी काठाला आणली. अकराच्या अकरा माणसं आपल्या पायांनी उतरली.

आणि मग उंबरवाडीत काय बोललं गेलं? अकरा जीव वाचले असं कुणी म्हणालं? बाईने पाच पोती भात बुडवलं, असं म्हणाले. बाईच्या हातात होडी दिल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणाले. ती सुकाणू धरत असेल तर आम्ही होडीत बसणार नाही, असा निरोप आला. त्याचा निकाल लावायला आज दुपारी उंबरवाडीची ठमाबाई येणार होती. बुडालेल्या पाचांतली दोन पोती तिची होती, आणि त्या दिवशी ती स्वतःही होडीत होती.

"ह्ये बघ वैजयंती," गोकुळने शाफ्ट खाली ठेवला. "मी काय तुला दोष देत न्हाई."

"मंग काय देताय?"

"बाईमाणसानं किती बघायचं? घर, शेत, वर ही होडी. ध्यान ऱ्हात नसंल. आता सुकाणू गेणू धरंल. ठमाबाईला तसं सांगू, इषय मिटला."

वैजयंतीने गेणूकडे पाहिलं. गेणू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"नट कुणी आवळला व्हता, दादा?" तिने विचारलं. "दोरी दाबणारा नट? खंडेनवमीला कुणी आवळला?"

 नट कुणी आवळला हे या घरात विचारायची गोष्टच नव्हती. सावळेरामने, म्हणजे चिमाबाईच्या मालकाने, ही शिडाची होडी कोकणातून ट्रकवर घालून माळशेज घाटाने वर आणली, त्यानंतर थोड्या वर्षांनी त्यानेच पाडलेली ती रीत होती. दसऱ्याच्या आधी होडी काठावर ओढायची, सुकाणू आणि पंखा उतरवायचा, साफ करायचा, नवी दोरी भरायची. सगळं जुळून आलं की खंडेनवमीला शेवटचा नट थोरल्या मुलाने आवळायचा. मग त्याच्यावर हळदकुंकू वाहायचं आणि पुढच्या खंडेनवमीपर्यंत त्याला कुणी पाना लावायचा नाही. सावळेराम जाऊन सहा वर्षं झाली, पण रीत चालूच होती.

"मी आवळला. मंग?" गोकुळ म्हणाला. "गळत व्हतं म्हणून आवळला."

"गळायलाच पायजे त्ये! जरा येळानं एक थेंब पडला पायजे. त्या थेंबावर शाफ्ट गार ऱ्हातो. इहिरीवरच्या पंपाचं बी तसंच हाय. तिथं गळतं तवा तुमी आवळून बंद करता का?"

"माज्या गॅरेजमधनं एखादी गाडी गळत भायेर पडली ना, तर गिऱ्हाईक माज्या तोंडावर थुंकंल. सत्तावीस वर्षं ह्येच करतोय मी. गळती म्हंजे गळती."

"तुमची गाडी रस्त्यावर चालती, दादा. ही पाण्यात चालती!"

"आता तू मला मशीन शिकवणार?"

"शिकवणार! दुसऱ्याच दिवशी सांगितलं व्हतं मी. शाफ्ट तव्यागत तापतोय, नट अर्धा फेरा ढिला करा. यांना सांगितलं. इचारा."

तिघांनीही गेणूकडे बघितलं.

गेणू बेचाळीस वर्षांचा होता. भातखाचरात, म्हशींमध्ये, गावच्या बैठकीत तो चांगला मोकळा बोलायचा. फक्त गोकुळ समोर आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. लहानपणी गोकुळने त्याला पोहायला शिकवायचं म्हणून एकदा पाण्यात ढकलला होता. तेव्हापासून तो पोहायलाही शिकला नाही आणि गोकुळला उलटून बोलायलाही. होडी घरात असून हा माणूस होडीत बसला की दोन्ही हातांनी फळी धरून ठेवायचा. म्हणून तर नवीन लग्न होऊन आलेल्या वैजयंतीला सासऱ्याने हाताशी घेतलं होतं.

त्याला सगळं आठवत होतं. दुपारची वेळ होती, ती दुसरी खेप करून आली होती, घामाने चिंब होती. नटाला हात लावू का, असं तिने विचारलं होतं. तो पाना आणायला उठलाही होता. पण आज सकाळीच गोकुळने फोनवर म्हटलं होतं, "तू धर सुकाणू. बायकोच्या होडीत बसणारा म्हणत्यात तुला, ते तरी बंद हुईल." हे म्हणतात, हे गेणूला ठाऊक होतं. ते गोकुळलाही ठाऊक आहे हे त्याला फार लागलं होतं.

"सांगितलं असंल," गेणू म्हणाला. "माज्या काय ध्यानात नाय."

 वैजयंती वळली आणि चढ चढून घराकडे गेली.

*

घरात येऊन तिने परातीत पीठ ओतलं, पाणी घातलं आणि ते जास्त झालं. तिने परत पीठ घातलं. भाकरी थापायला घेतली, ती मोडली.

ध्यानात नाही! सतरा वर्षं ती या माणसाच्या ध्यानात काय काय ठेवत आली होती. कुठल्या वाफ्यात पाणी सोडायचं, म्हशीला डॉक्टर कधी येणार. आणि होडीचं तर तिने कुणाला विचारलंच नव्हतं. पंख्याला जाळ्याचे दोरे गुंडाळले गेले की कोयता घेऊन पाण्याखाली जायची ती. सुकाणूच्या दोन बिजागऱ्या दर पावसाळ्यानंतर उतरवायची ती, खिळा झिजला असेल तर मंचरहून नवा करून आणायची ती. त्या दिवशी इंजिन मेलं, पंखा मेला, पण सुकाणू शेवटपर्यंत हलकं फिरत होतं. ते तिने राखलं होतं. पुरुषांनी कुंकू लावलेलं तेवढं जळालं आणि नाव मात्र तिचं झालं.

सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा आला होता. पाना खुंटीला लटकत होता. कोण बघत होतं? पहाटे जाऊन अर्धा फेरा दिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिने दिला नाही. रीत मोडायला तीही भ्यायली होती, आणि त्या भिण्यापायी अकरा माणसं मरता मरता वाचली होती.

चिमाबाई दारातून आत आली आणि चुलीजवळ बसली.

"त्याच्या मनात तसं नसतं," ती म्हणाली. "गोकुळच्या. त्यो बोलतो तसा."

"आत्याबाई, तुमी तरी नका बोलू."

"घरातली गोष्ट घरात मिटली म्हंजे बरं. गेणूनं सुकाणू धरलं तर तू काय होडीत बसायची बंद हुशील? संगं जा. त्याला सांगत जा."

"म्हंजे मी सांगायचं आन त्यांनी फिरवायचं?"

"तसं नव्हं..."

"तसंच हाय. आन उंद्या त्यांनी होडी खडकावर घातली तर म्हणतील बायकोनं नीट सांगितलं न्हाई." वैजयंतीने पिठाचे हात झटकले. "तुमाला ठावं हाय मी सांगितलं व्हतं. तुमी हितंच बसला व्हता. ह्ये पाना आणाया उठले, तवा त्यांचा हात कुणी धरला?"

चिमाबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. उत्तर द्यायचं नसलं की ती असंच काहीतरी पुढे सारायची.

तिनेच धरला होता हात. थोरल्याचा नट खोलायचा नाही, असं म्हणाली होती. रीत मोडते म्हणून म्हणाली असं सगळ्यांना वाटलं, आणि तिने वाटू दिलं. खरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. होडीवर राबणार नाही म्हणून गोकुळ बापाशी भांडून आळेफाट्याला गेला, तेव्हा तीन वर्षं त्याने घराचं तोंड बघितलं नाही. मग सावळेरामने ही शेवटच्या नटाची युक्ती काढली. तुझ्या हाताशिवाय होडी पाण्यात जायची नाही, असा निरोप धाडला, आणि पोरगा आला. तेव्हापासून दर खंडेनवमीला येत होता, जेवत होता, एक रात्र राहत होता. चिमाबाईच्या लेखी तो नट म्हणजे वर्षातून एकदा घरी येणारा मुलगा होता. त्याने आवळलेला नट दुसऱ्याच दिवशी ढिला केला हे त्याला कळलं असतं, तर तो पुन्हा आला असता का? एवढाच विचार तिने केला होता. पाण्यात अकरा माणसं असतील हा विचार तिला शिवलाच नव्हता, आणि आता चार दिवस दुसरा विचार सुचत नव्हता.

*

ठमाबाई आली ती थर्माकोलच्या तराफ्यावरून. तिचा पुतण्या रोज त्याच्यावर बसून मासे धरायचा. त्यानेच वल्हवत तिला आणलं. ओल्या लुगड्यानिशी ती काठावर उतरली आणि कुणी बसा म्हणायच्या आत 'गिरजा'च्या कडेला हात टेकून उभी राहिली.

"चहाबिहा नको," ती म्हणाली. "माजी दोन पोती इंद्रायणी मासं खात्यात. मला ह्ये सांगा, ह्ये झालं कसं आन परत व्हनार का."

"मावशी, बसा तर खरं," गोकुळ पुढे झाला. आता त्याचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलायचा होता. "ह्यात कुणाची चूक नाय. होडी जुनी. मशीन हाय, कधी दगा दील सांगता येत नाय. आमी सगळं नवीन बसवतो. आन आजपासून सुकाणू माजा भाऊ धरंल. बाईमाणसाच्या हातात देणार नाय."

"कुणाची चूक नाय, तर मंग बाईला का उतरवताय?" ठमाबाईने विचारलं.

 "लोकांची इच्छा हाय," गोकुळ म्हणाला.

"लोकांची म्हंजे माजी. मीच म्हनले व्हते. पोती गेली तवा रागानं बोलले." ठमाबाई वैजयंतीकडे वळली. "पर मला कळाया पायजे ना, पोरी. तू कायतरी चुकलीस का न्हाई?"

 आपण सांगितलं तर दीर-भावजयीचं भांडण म्हणून ठमाबाई घरी जाऊन हसेल, हे वैजयंतीला दिसत होतं. तिने गेणूकडे बघितलं. एक वाक्य. त्या माणसाने फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

गेणूने घसा खाकरला. "दादा म्हणतो त्ये बरोबर हाय," तो म्हणाला. "होडी जुनी हाय."

"जळ्ळी तुजी होडी जुनी!"

हे वैजयंती बोलली नव्हती. चिमाबाई चढावरून खाली येत होती. तिला उतार झेपत नव्हता, एका हाताने ती गवत धरत होती आणि तिला कुणी आधार द्यायला गेलं तर ती त्याचा हात झिडकारत होती.

"आई, तू कशाला आलीस?" गोकुळ म्हणाला.

"गप ऱ्हा. ठमे, ऐक. नट ह्यानं आवळला." तिने गोकुळकडे बोट केलं. "लई आवळला. हिनं दुसऱ्याच दिवशी वळखलं. ढिला करा म्हनली. ह्यो धाकटा पाना आणाया उठला आन मी त्याचा हात धरला. माज्या पोराचा नट खोलायचा न्हाई म्हनले. तुजी पोती ना, मी बुडवली."

"आई!" गोकुळचा चेहरा लाल झाला. "परक्यांसमोर घर उघडं करतीस?"

"परकी कशी? तिचं भात बुडलंय. ती बुडता बुडता ऱ्हायली."

"मंग माजीच चूक म्हण की सरळ. सत्तावीस वर्षांचा मेकॅनिक अडाणी, आन ही शानी!"

"होडीच्या बाबतीत हाय ती शानी. तुला सांगून बघितलं न्हाई का तिनं सकाळी? तू हसलास."

गोकुळने शर्टाला हात पुसले. खरं तर त्याला सकाळी निळा शाफ्ट बघूनच कळलं होतं. तापलेलं लोखंड कशाने निळं पडतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण बापाच्या होडीत त्याच्या वाट्याला तेवढा एक नट आला होता, आणि तोही त्याने चुकवला, हे तो कुठल्या तोंडाने म्हणणार होता? "ठीक हाय," तो म्हणाला. "मंग पुढच्या खंडेनवमीला मला बोलवू नका."

याच वाक्याला चिमाबाई चोवीस वर्षं भ्यायली होती. आता ते कानावर पडलं आणि तिला रडू आलं, पण ती मागे हटली नाही.

"नको येऊ नटासाठी," ती डोळे पुसत म्हणाली. "भाकरी खायाला यायचं असंल तर कवाबी ये."

गोकुळ चढ चढून गेला. वरच्या रस्त्यावर त्याची गाडी सुरू झाल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

"मंग आता?" ठमाबाई म्हणाली. "सुकाणू कोन धरनार?"

"मी धरीन," वैजयंती म्हणाली. "पर पंखाबी मी बघीन, शाफ्टबी मी बघीन, आन नट मी आवळीन. माज्या मनाला यील तवा खोलीन. खंडेनवमीला न्हाई, रोज खोलीन वाटलं तर. दोष माज्या गळ्यात आन मान दुसऱ्याला, असली निम्मी होडी मला नको. चालत असंल तर सांगा, नाय तर मी आपली शेती बघती."

"चालंल की," ठमाबाई म्हणाली. "मला होडीशी मतलब. पर आमच्या वाडीतले बापये मी सांगून ऐकनार न्हाईत. म्हनतील ठमीला चहा पाजून फितवली."

"सांगितलं व्हतं तिनं," गेणू म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक आला की तराफ्यावर बसलेल्या पुतण्याने मान वर केली. "मला सांगितलं व्हतं," गेणू परत म्हणाला. "माज्या ध्यानात व्हतं सगळं."

वैजयंती त्याच्याकडे बघत राहिली. सतरा वर्षांत तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं, आणि आताही केलं नाही.

"आई बोलल्यावर आठवलं तुमाला," ती म्हणाली. "दादा गेल्यावर."

"चुकलं माजं."

"माज्याशी नका बोलू. मला ठावंच हाय." तिने पाण्याकडे हात केला. "ज्यांना ठावं न्हाई त्यांना जाऊन सांगा. ठमामावशी, यांना संगं न्या."

ठमाबाईने तराफ्याकडे बघितलं, मग गेणूकडे. "पवता येतं का रं?"

"न्हाई," गेणू म्हणाला.

"मंग मधी बस, हालू नको."

गेणूने बायकोच्या तोंडाकडे बघितलं. ती थट्टा करत असेल अशी त्याला थोडी आशा होती. मग त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि तो पाण्यात उतरला. तराफा त्याच्या वजनाने कलला तसा त्याच्या तोंडचा रंग उडाला, पण तो बसला. दोन्ही हातांनी त्याने थर्माकोलला बांधलेली दोरी धरली. पुतण्याने वल्हं मारलं.

वैजयंती काठावर घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. तराफा चांगला आत गेल्यावर तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"अकरा जण व्हते!" ती ओरडली. "अकरा घरं घ्या! एक सोडायचं न्हाई!"